सोमवारच्या डब्यात आबा

लिहिणाऱ्या माणसांच्या टोळक्यात किस्से फार साठतात, कारण आम्ही काही फेकून देत नाही. बसमध्ये दोन बायका भांडल्या, कुणाची सून रुसली, मयताला आलेल्या पाहुण्यानं चहात साखर कमी म्हणून सांगितलं, की आमच्यातला एक जण लगेच मोबाइल काढून टिपून घेतो. चांगले किस्से एपिसोडमध्ये जातात. मागं उरतात ते, ज्यात आम्हीच उघडे पडलेलो असतो. माझ्याकडं असे बरेच उरलेत. आठवले की आजही मान खाली जाते, पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो.

आधी टोळकं सांगतो. नांदेडात एका फोटो स्टुडिओच्या वर आमची खोली आहे. तिथं बसून आम्ही मोबाइलवर बघायची एक वेब सिरीज करतो, खेड्यातल्या एका घराची. गजूभाऊ डायरेक्टर. लेखक दोघं, मंजुषा कांबळे आणि मी. मंजुषा मूळची लातूरची, लग्न होऊन नांदेडला आली, सकाळी ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि दुपारी आमच्या स्क्रिप्ट दुरुस्त करते. मी बालाजी, नायगावचा. बी.एड. झालं, नोकरी लागली नाही, मग लेखक झालो.

*

पहिल्या सीझनचा शेवट मी लिहिला होता. दोघं धबधब्यापाशी भेटतात. स्क्रिप्टमध्ये वाक्य असं : ‘मागे सहस्रकुंड कोसळतो आहे. त्या आवाजात तिचा नकार त्याला ऐकू येत नाही.’ गजूभाऊंनी वाचून माझी पाठ थोपटली आणि दोन गाड्या करून सगळं युनिट इस्लापूरला नेलं.

महिना होता मे. धबधब्याच्या जागी नुसते काळे खडक, आणि त्यावर कुणीतरी वाळत घातलेल्या दोन गोधड्या.

गजूभाऊंनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा खडकाकडं. मग शांतपणे विचारलं, “बालाजी, तू हितं आधी येऊन गेलास ना?”

“रील बघितली होती भाऊ.”

बाजूला एक आजी शेळ्या चारत होत्या. त्या जवळ आल्या, कॅमेरा बघितला, आम्हाला बघितलं. “कुठले तुमी?”

मी म्हणालो, “नायगावचा.”

“म्हंजी आपल्याच जिल्ह्यातले की,” आजी म्हणाल्या. “मला वाटलं मुंबईचे हायत.”

मी तिथंच एका तापलेल्या खडकावर बसून वाक्य बदललं : ‘तिचा नकार त्याला स्वच्छ ऐकू येतो.’ आता काय सांगू, तो एपिसोड त्याच वाक्यामुळं चालला. लोकांनी माझं कौतुक केलं आणि मी ते करून घेतलं.

*

त्या दिवशी परत येताना गाडीतच गजूभाऊंनी कायदा केला. “सोमवारी हरेकानं घरचा डबा आणायचा. पोळी-भाजीचा न्हाई. घरात घडलेलं एक, घरच्या माणसाची सवय एक, आन् कुणाच्या तोंडचं वाक्य एक. मनानं रचून आणलं तर डबा परत.”

तेव्हापासून सोमवारला आम्ही डबाच म्हणतो.

मंजुषानं पहिल्याच डब्यात सासूबाई आणल्या. सासूबाईंची सवय अशी, की पाहुणा घरात दोन तास बसला तरी जेवणाचं नाव काढायचं नाही. तो उठला, दारात गेला, दोन्ही चपला पायात गेल्या, की मग मागून हाक : “अवो, जेवून जावा की.” आम्ही पोट धरून हसलो. गजूभाऊंनी त्याचा अख्खा एपिसोड केला.

एपिसोड आला त्या दिवशी मंजुषाच्या घरी सगळे टीव्हीला मोबाइल जोडून बसले. ती सांगते, ती दारापाशीच उभी राहिली. सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही तर आपली शेजारची कुसुम. हुबेहूब उतरवलीस.”

एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक. दुसऱ्या दिवशी त्या कुसुमकाकूंना हे सांगायला गेल्या, आणि एपिसोडही दाखवून आल्या. कुसुमकाकूंनी मंजुषाशी बोलणं टाकलं ते आजपर्यंत. बिचाऱ्या आल्यागेल्याला ताटावर बसवल्याशिवाय सोडत नाहीत.

“गुन्हा माझा, हसल्या सासूबाई, आन् भोगायलीय कुसुमकाकू,” मंजुषा म्हणते. “आन् मला तोंड उघडून सांगताबी येईना, की काकू, ते तुमी न्हाई.”

*

माझा डबा मात्र दर सोमवारी रिकामा. आमच्या घरात कुणी फारसं बोलत नाही. आई कामात, आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर. गजूभाऊ चिडवायचे, “बालाजीच्या घरी माणसं ऱ्हातेत का भिंती?”

त्याच सुमाराला मुंबईच्या एका कंपनीनं आमची सिरीज बघितली आणि व्हिडिओ कॉल ठरला. मी इस्त्रीचा शर्ट घातला. टेबलावर लॅपटॉप, समोर मी, बाजूला गजूभाऊ आणि मंजुषा. कंपनीच्या मॅडम स्क्रीनवर आल्या. मी सीझन दोनची गोष्ट सांगायला लागलो. पात्रांचा प्रवास, संघर्ष, शेवट, सगळं शुद्ध भाषेत. रंगात आलो होतो.

मॅडम मध्येच म्हणाल्या, “बालाजी, तुम्ही छान सांगताय. फक्त पाच मिनिटं झाली, आम्हाला तुमचा पट्टा दिसतोय.”

मी खाली बघितलं. मी उभा होतो. मॅडम दिसल्या तेव्हाच उठलो असणार, पण कधी उठलो ते मला आजही सांगता येणार नाही.

कॉल संपला आणि खोलीत हसण्याचा नुसता धिंगाणा. गजूभाऊंनी डोळे पुसत विचारलं, “अरे, हे कुठून शिकलास? डब्यात टाक हे. ह्याच्यावर सीन हाय.”

सगळे माझ्याकडं बघत होते आणि मला कसंही करून त्या नजरांतून सुटायचं होतं. मग मी आयुष्यातलं सगळ्यात हलकं काम केलं. म्हणालो, “हे माझं नाही भाऊ. आमच्या आबांचं आहे.”

आणि सांगत सुटलो. आबा सरकारी ऑफिसात शिपाई होते. त्यातली अकरा वर्षं एकाच साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर काढली, आतून “लक्ष्मण” अशी हाक आली की उठायचं. ते साहेब रिटायर होऊन लातूरला राहतात. दर पाडव्याला आबा त्यांना फोन करतात, आणि करण्याआधी तोंड धुतात, सदरा घालतात, टोपी घालतात आणि भिंतीपाशी ताठ उभे राहतात. कधी साहेबांचाच फोन आला तर भरल्या ताटावरून उठतात आणि खरकटा हात वर धरून, “जी सायब, जी सायब,” करत राहतात. मी उठून करूनही दाखवलं. खरकट्या हातासकट.

सगळे हसले. माझा पट्टा विसरले. तेवढ्यासाठी मी बाप देऊन टाकला.

मंजुषा तेवढी हसली नाही. जिन्यात मला म्हणाली, “बालाजी, त्यायला विचारून घे आधी. मी न्हाई विचारलं, बघायलास ना काय झालं.”

“विचारतो,” म्हणालो. विचारलं नाही.

*

पात्राचं नाव ठेवलं सखानाना. सीन लिहून दिला तर गजूभाऊ म्हणाले, “एकदा उभा ऱ्हायला तर माणूस वाटतो. तीनदा उभा कर, मग कॉमेडी व्हती.” मी तीनदा उभा केला. तिसऱ्यांदा तर सखानाना मोबाइल कंपनीच्या रेकॉर्ड केलेल्या बाईलाही उठून “जी मॅडम” म्हणतात. ते आबांनी कधी केलं नव्हतं. ते माझं.

सिरीज कुठल्या कुठं गेली. लोक सखानानाच्या रील करायला लागले. लग्नात नवरदेव फोन वाजला की पाटावरून उठायला लागले. मला लोक ओळखायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

महिनाभरानं नायगावला गेलो. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं मला हाक मारून बसवलं आणि फार खुशीत सांगितलं. आदल्या आठवड्यात आबा तिथं चहा प्यायला बसले होते. त्यांचा फोन वाजला. फोन आईचा, कोथिंबीर आणा म्हणून. पण रिंग वाजल्याबरोबर हॉटेलातली सगळी गिऱ्हाइकं उठून ताठ उभी राहिली. बाकड्यांवरची, काउंटरवरची, सगळी.

“आन् आबा?” मी विचारलं.

“ते एकटेच बसलेले,” हॉटेलवाला म्हणाला. “कोथिंबीर आणतो म्हणाले, अर्धा चहा ठेवला आन् गेले. तुमच्या वडलामुळं आपलं हॉटेल फेमस झालं बघा. चहा घ्या, आपल्याकडून.”

तो चहा मी पूर्ण प्यायलो. टाकून उठायला पाहिजे होतं. उठलो नाही.

घरी गेलो तर आबांचा फोन उशाखाली. आई म्हणाली, आता बाहेर जाताना घेऊनच जात नाहीत. आबांनी मला जेवलास का एवढंच विचारलं.

*

पुढं विष्णुपुरीच्या एका कॉलेजात पोरांनी मला बोलायला बोलावलं. विषय होता, ‘पडद्यासाठी लेखन’. त्याच दिवशी आबा डोळे तपासायला नांदेडला आलेले. त्यांना खोलीवर एकटं कुठं ठेवायचं, म्हणून सोबत नेलं. ते सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसले, डोळ्यांत औषध घातलेलं, हातात रिपोर्टची एक्स-रेएवढी मोठी पिशवी.

मी तासभर बोललो. पात्र जिवंत कसं करावं, घरातलं कसं टिपावं, वगैरे. शेवटी एका मुलीनं हात वर केला. “सर, सखानाना तुम्हाला कुठं सापडले?”

मागच्या रांगेतली टोपी मला व्यासपीठावरून स्पष्ट दिसत होती. खरं सांगायला हिंमत लागली असती. माफी मागायची तर त्याहून चांगली जागा मिळाली नसती.

मी म्हणालो, “सखानाना पूर्णपणे काल्पनिक आहेत.”

टाळ्या पडल्या. आबांनीही वाजवल्या, पिशवी काखेत धरून.

रिक्षात बसल्यावर आबांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, “बरं केलास. नाव न्हाई घेतलास.”

मी म्हणालो, “आबा, माझं चुकलं.”

“गाव हसायलंय, त्याचं काय न्हाई. गाव कुणालाबी हसतं,” आबा म्हणाले. “पर सायबानं बघितलं आसंल तर? त्यायला वाटंल, लक्ष्मण घरी जाऊन आपल्या नावानं नकला करत व्हता. पोराला हसवत व्हता. मी कधी केलो का रे तसं?”

“नाही आबा.”

“ह्या पाडव्याला फोन केलो न्हाई मी. कोन्या तोंडानं करू?”

तेव्हा मला कळलं, की माणूस तीन महिने कशात जळत होता. मी म्हणालो, मी साहेबांना फोन करून सगळं सांगतो.

“फोनवर न्हाई,” आबा म्हणाले. “समोर जाऊन सांग. मी बी येतो.”

*

हा शेवटचा किस्सा मी सोमवारच्या डब्यात नेलेला नाही. गजूभाऊंना माहीत नाही. मंजुषाला अर्धा सांगितलाय.

नांदेडहून आम्ही लातूरची एसटी धरली. आबांनी पाडव्याचा सदरा घातला होता. साहेबांना काय सांगायचं ते मी मोबाइलवर लिहायला घेतलं, दुसरं मला येतं काय? लोहा येईपर्यंत पहिला ड्राफ्ट झाला. वाचून दाखवला. त्यात आदरभावना होती, बदलता काळ होता, विनोदाची जबाबदारी होती.

“हे कोन बोलायलंय?” आबांनी विचारलं. “निवडणुकीला उभा ऱ्हायलास का तू?”

अहमदपूरपर्यंत दुसरा झाला. हा भावनेचा. वाचताना माझाच आवाज कापला.

आबांनी मान हलवली. “सायबाला रडलेलं चालत न्हाई. मी बघून हाय ना. मानूस आत गेला, एक वाक्य बोलला, की सायब मान वर करायचे. दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघायचे. तू एकच बोल.”

मग आम्ही दोघं मिळून एक वाक्य करत बसलो. मी शब्द टाकायचो, आबा काढायचे. ‘कृपया’ काढला. ‘गैरसमज’ काढला. ‘आम्ही’ काढला, म्हणाले, लिहिलास तू, तर मी म्हण. चाकूर मागं पडलं तेव्हा वाक्य तयार झालं : “साहेब, ते मी माझ्या मनानं लिहिलं, आबांनी मला कधी काही सांगितलं नाही.” लातूर येईपर्यंत त्यांनी ते माझ्याकडून पाठ करून घेतलं. पाच वर्षं लिहितोय, पण माझ्यावर इतकी मेहनत कुणी घेतली नव्हती.

साहेबांचं घर शांत गल्लीत. मी लहानपणी ऐकलेले साहेब फार उंच होते. दार उघडलं ते काठी धरलेल्या, वाळलेल्या एका म्हाताऱ्यानं. त्यांनी आबांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. आबा सोफ्याच्या कडेला टेकले. मी त्यांच्या बाजूला. सूनबाईंनी पोहे आणले आणि मला बघून त्यांचे डोळेच चमकले.

“तुम्हीच ना सखानाना लिहिणारे? आमच्याकडं रोज लागतं. मुलं तर तसंच करतात दिवसभर.”

आबांनी पोह्याची बशी हातात घेतलेली, तशीच खाली ठेवली. मला कोपर लावलं. मी घसा साफ केला.

“साहेब,” मी सुरुवात केली.

साहेबांनी हात वर करून मला थांबवलं. सूनबाई चहा टाकायला आत जाईपर्यंत त्यांनी हात तसाच ठेवला. आतून भांड्याचा आवाज आला तेव्हा ते आबांकडं वळले. आवाज एकदम खाली आणला.

“लक्ष्मण, घरातले सगळे हसतात. मीही हसतो त्यांच्याबरोबर, काय करणार?” ते म्हणाले. “मुंबईहून वरच्यांचा फोन आला की मी खुर्चीतून उठायचो. दार लोटलेलं असायचं. फटीतून तू एकटा बघायचास, मला माहीत होतं. माझ्या बायकोलासुद्धा ते शेवटपर्यंत कळलं नाही. इतकी वर्षं तू कुणापाशी बोलला नाहीस. मग आता पोराला कशाला सांगितलंस?”

वाक्य माझ्या जिभेवर होतं. तेच वाक्य, एक शब्दही बदलायची गरज नव्हती. मी तोंड उघडलं.

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. ते वाक्य बाहेर पडलं असतं तर साहेबांना कळलं असतं, की गुपित आत्ता त्यांनीच माझ्यापुढं फोडलं.

“चुकलं सायब,” ते म्हणाले. “पोरापाशी बोलून गेलो.”